गड काय पयी जास का?

धुळे

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

फोनवर म्हणालीस, "पप्पा, सुरुवातीलाच जरा जोरात पळून घेते, म्हणजे शेवटी चालले तरी मुंबईची मॅरेथॉन पाच तासांत बसेल." दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून मी नुसतं हूं म्हणालो.

हाच हिशेब मी केला होता, पहिल्यांदा चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी निघालो तेव्हा. रात्रीची थंड हवा, पुढे डीजे. तरण्या पोरांसोबत मालेगावपर्यंत जवळजवळ पळतच गेलो. आमच्यातला एक म्हातारा मागून ओरडत होता, "पोऱ्या, हयू चाल! गड काय पयी जास का?" म्हणजे हळू चाल, गड काय पळून जातो का? देवळ्याच्या अलीकडे पोटऱ्यांत असे गोळे आले की लिंबाखाली आडवाच झालो. तळव्याचा फोड फुटून मोजा चिकटलेला. म्हातारा आपल्या त्याच चालीत आला, मूठभर गूळ-शेंगदाणे हातावर ठेवले आणि त्याच चालीत पुढे निघून गेला. मी गडावर पोचलो, पण टेम्पोतून. तुझ्या आईला हे अजून माहीत नाही.

42.195 किलोमीटर पाच तासांत म्हणजे किलोमीटरला 7 मिनिटं 6 सेकंद. पहिले पाच किलोमीटर तू साडेसातनेच जा. लोक कडेने सपासप पुढे जातील, जाऊ दे. जोरात पळालं की अंगात साठलेली साखर भराभर जळते आणि तिसाव्या किलोमीटरनंतर पाय उचलत नाहीत. तिथे एकदा चालायला लागलीस, की आधी कमावलेली दोन मिनिटं कुठल्या कुठे जातात. केल्विन किप्टमने 2023 साली शिकागोत 2 तास 35 सेकंदांचा जागतिक विक्रम केला, त्याचं पहिलं अर्ध 60:48 मिनिटांचं आणि दुसरं 59:47 चं. तो माणूसही आधी हात राखूनच पळाला ना!

मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही. तहानेप्रमाणे घोट घोट पी, पण नुसतं पाणी ढोसू नकोस, रक्तातलं मीठ उतरतं. सरावात वापरलेलेच बूट घाल. आणि मावशी आदल्या रात्री हमखास शेवभाजी करेल. तिला सांग, आज वरण-भात, शेवभाजी उद्या.

मी शनिवारी सकाळच्या बसने निघतोय. पस्तिसाव्या किलोमीटरजवळ कुठे उभं राहायचं ते कळव. गूळ-शेंगदाणे घेऊन येतो.

तुझे पप्पा