घेतली रे शेवटी!

प्रिय गड्या,

तुला न विचारता घेतली, म्हणून आधी दोन शिव्या घालून घे. हार्ले डेव्हिडसनची मोटरसायकल, आयर्न ८८३, सेकंडहँड, नागपुरातून. कापसाचे पैसे आले नि पोराचं डोकं फिरलं, असं आई म्हणते. तिचंही चूक नाही.

सोबत बाबा होते. मालकाला बजावलं होतं, मी येईस्तोवर चालू करू नका. जाऊन सिलिंडरला हात लावला तर चटका! तापवून ठेवलेलं इंजिन पहिल्या सेल्फला लागणारच ना. तीन तास चहाच्या टपरीवर काढले, थंड झाल्यावर पुन्हा मारलं. लागलं. धूर नाही, पण रॉकर बॉक्सखाली, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरच्या झाकणाखाली, तेलाची ओल होती; तिच्यावर पंधरा हजार उतरवले.

बाबा बैलबाजारातच. "पयले दात पाह्य याचे." मी हसलो, मग गप्प झालो. हिला चेन नसते, बेल्ट असतो, आणि बेल्टला दात असतात! चाक फिरवत एकेक पाहिला. एका जागी खडा रुतल्याची खूण होती, आरपार नव्हती. आपल्या पांदणीची गिट्टी आठवून पोटात गोळाच आला. म्हणून गाडी फाट्यावर काकांच्या गोदामात राहते, तिथून घरी जुनी स्प्लेंडर.

दोन्ही पिस्टनचे दांडे (कनेक्टिंग रॉड) क्रँकच्या एकाच पिनवर, सिलिंडर एकमेकांशी ४५ अंशात, त्यामुळं ठोके लंगडत पडतात. बाबांना ऐकवलं तर म्हणे, "विहिरीवरच्या जुन्या इंजनावानी वाजते." सीट एकाचीच, ते एसटीनं निघाले नि माझ्या आधी पोचले. मी कळंबला थांबलो होतो, मागच्या सिलिंडरनं उजवी मांडी भाजली म्हणून. डिसेंबरात ही गत, मे महिन्यात काय होईल? वजन अडीच क्विंटलच्या वर. उताराकडं तोंड करून लावली की मागं ओढायला गडी बोलवावा लागतो.

कंपनीनं २०२० मध्ये भारतातला कारभार आवरला, मग हिरोनं विक्री-सर्व्हिस हाती घेतली. तरी सर्व्हिसच्या नोंदी नसत्या तर हात लावला नसता. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्या. बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ मिळेपर्यंत पन्नास हजार रोखून धरलेत.

हो, पुण्याहून येताना इंची पान्यांचा सेट आण. हिचे नट-बोल्ट इंचातले, नि आपल्या मिस्त्रीकडं सगळे पाने मिलिमीटरचेच निघाले.

तुझाच,
गावाकडचा येडा