कवटी शाबूत, मग मृत्यू कशानं?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत वैद्यकीय अधिकारी म्हणून मी वर्षानुवर्षं शवविच्छेदनं केली. त्यातलं एक अजून पाठ सोडत नाही. तरुण बाई. सासरचे म्हणाले, माळवदावरून पडली. माहेरचे म्हणाले, डोकं भिंतीवर आपटलं. रात्रभर बेशुद्ध होती, पहाटे गेली. डोक्याच्या कातडीखाली थोडं रक्त साकळलेलं, हाड शाबूत, आत रक्ताची गाठ कुठेच नाही, मेंदू जरासा सुजलेला. मी मेंदू कापून पाहिला, परत ठेवला, व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, तपासणीला पाठवला आणि मृत्यूच्या कारणाचं मत राखून ठेवलं. रासायनिक तपासणीच्या (सीए) रिपोर्टमधून विष नव्हतं एवढंच कळलं. तिची आई दारात उभी राहून विचारत होती, ‘साहेब, मग लेकरू मेलं कशानं?’

साहेब, अशा मृत्यूंत मेंदूच्या इजेच्या सूक्ष्म खुणा शोधायची सोय व्हावी, म्हणून हे पत्र. डोकं जोरात हिसकलं की मेंदूतले चेतातंतू ताणले जातात. ही इजा नुसत्या डोळ्यांना बहुधा दिसत नाही. पण तंतूंमधली वाहतूक अडते आणि तिथं बीटा-एपीपी नावाचं प्रथिन साठतं. माणूस मारानंतर दोन-तीन तास जगला असेल, तर मेंदूच्या पातळ कापाला खास रंग दिल्यावर ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतं. जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही प्रथिनं जखमी मेंदूतून रक्तात उतरतात. जिवंत रुग्णांसाठी त्यांच्या रक्तचाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्येच परवानगी दिली.

ही चाचणी मृतदेहाला जशीच्या तशी लावता येणार नाही, हेही सांगतो. मृत्यूनंतर पेशी फुटल्या की ही प्रथिनं आपोआप पाझरतात. गळा आवळल्यावर प्राणवायू तुटला तरी वाढतात. बीटा-एपीपीसुद्धा त्या कारणानं साठतं, फक्त त्याची मांडणी वेगळी असते आणि ती ओळखायला तयार नजर लागते. त्यात आपल्याकडचा मे महिना आणि शीतपेटी नसलेली पीएम (शवविच्छेदन) रूम. म्हणून आपल्या हवेतले, मृत्यूनंतरच्या तासांनुसार नोंदवलेले आकडे आपल्यालाच जमवावे लागतील. आणि बाई पडली की तिला आपटलं, हे कोणतीही चाचणी सांगणार नाही. पण मेंदूला मार लागून गेली, एवढं कागदावर आलं, तर तपास पुढे सरकतो.

छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आणि अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे न्यायवैद्यक आणि विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) हे विभाग आहेत. तिथूनच सुरुवात करा. संशयित प्रकरणात मेंदूचे ठरावीक तुकडे ते टिकवणाऱ्या फॉर्मेलिनमध्ये, रक्त आणि पाठीच्या कण्यातलं पाणी फ्रीजरमध्ये, एवढा नियम आधी काढा. तालुक्याच्या पीएम रूमला मात्र फॉर्मेलिनची बरणी आणि नमुना नेणारी गाडी द्यावी लागेल. माझ्याकडे त्या दिवशी दोन्ही नव्हतं.

ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य खात्याकडे, न्यायसहायक प्रयोगशाळा गृह खात्याकडे आणि महाविद्यालयं आपल्याकडे. या तिघांना एका टेबलाशी बसवणं आपल्याच हातात आहे. बैठक लावलीत तर माझ्या जुन्या नोंदवह्या घेऊन मी स्वखर्चानं येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, जि. जालना