‘लोड किती टाकलाय?’

सॅन होजे,
१९ जुलै

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा रात्री सुखरूप घरी पोचलो. फोनवर सांगितलंच होतं, पण आई, त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर माझं लालबुंद तोंड बघून तू जी धास्ती घेतलीस, ती नुसत्या ‘पोचलो गं’नं जायची नाही. शिवाय दादा सांगत होता, बाबा रोज विचारतात, ‘पुन्हा त्या डब्यात बसून कुठं निघाली तर नाही ना?’ म्हणून आज निवांत बसून सगळं लिहिते.

आधी डब्याचं. आरव्ही म्हणजे पुढून टेम्पो, मागून घर. आम्ही भाड्यानं घेतलेली गाडी २५ फूट लांब. आत गॅसची शेगडी, बारका फ्रिज, पलंग, संडास-बाथरूम सगळं. पेट्रोल पिते मात्र म्हशीसारखी, लिटरला जेमतेम चार किलोमीटर. ‘संडास आणि स्वयंपाक एकाच डब्यात?’ असं तू तीनदा विचारलंस. हो, तीन फुटांच्या अंतरावर. पुढं काचेपाशी शेगावच्या महाराजांचा फोटो होता, त्यांनीही चालवून घेतलं. खाली दोन टाक्या असतात, एक संडासाची आणि एक मोरीच्या पाण्याची. आधी संडासाची सोडायची, मग मोरीची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. हे काम तुमच्या जावयांनी रबरी हातमोजे घालून, तोंड फिरवून, पण न कुरकुरता केलं. याहून जास्त त्या विषयावर लिहीत नाही.

आता चूक कबूल करते. उन्हाचं मला काय सांगता, मी अकोल्याची, या घमेंडीत मी होते. नवतपात सायकलवर क्लासला जायचे, डोक्याला ओढणी आणि खिशात कांदा. इथली माणसं ‘जुलैत वाळवंटातून नका जाऊ’ म्हणाली तेव्हा मी हसले होते. पण आपल्या घराला दीड फुटाच्या भिंती होत्या, खिडकीत कूलर होता आणि रात्री गच्ची होती. या डब्याची भिंत दोन इंचांची. दिवसभर उन्हात उभा राहिला की आतला माणूस पापडासारखा वाळतो.

पहिला मुक्काम मोहावे वाळवंटात होता. जागा मीच शोधली होती. ‘फुल हुकअप’ लिहिलेलं बघितलं, म्हणजे आपल्या जागेवरच वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी. फोटोत हिरवी झाडं, पोहायचा तलाव. पैसे भरून मोकळी झाले. तो फोटो मार्चमधला असणार हे डोक्यात आलंच नाही. पोचलो तेव्हा ४४ अंश. झाड होतं एक, मेस्कीट. बाबा, बघताक्षणी ओळखलं असतंत: आपल्या रेल्वेलाइनच्या कडेला माजलेल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. तिची सावली कशी असते ते तुम्हाला सांगायला नको, चाळणीतून ऊन गाळल्यासारखी. पलीकडं रूळ. रात्रभर मालगाड्या. मुलांनी डबे मोजायला घेतले आणि शंभराच्या पुढं नाद सोडला. मला मात्र त्या आवाजानं बरं वाटलं, घरी झोपल्यासारखं.

पावती घ्यायला ऑफिसात शिरले आणि दारातच थांबले. ओल्या गवताचा वास! खिडकीत कूलर लावलेला होता, आपला असतो तसाच, पत्र्याचा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, वरून पाणी ठिबकतंय. याला इथं ‘स्वॅम्प कूलर’ म्हणतात, म्हणजे दलदलीचा कूलर. चालतो फक्त कोरड्या हवेत, आणि नाव दलदलीचं. आपण त्याला डेझर्ट कूलर म्हणतो ते तरी शहाणपणाचं. काउंटरवरच्या आजीबाईंना म्हटलं, आमच्याकडं मार्चअखेर वडील ताट्या बदलतात. त्या म्हणाल्या, आमच्याकडं नवरा बदलायचा, आता मीच बदलते. पाच मिनिटं मी त्या वाऱ्यात उगाच उभी राहिले.

मग पाच वाजले आणि खरा तमाशा सुरू झाला. छतावरचा एसी, एक टनाहून जरा मोठा, घरघरत होता. मी मुलांची खिचडी गरम करायला मायक्रोवेव्ह लावला आणि खट्, सगळं बंद. ब्रेकर उचलला, दहा मिनिटं चाललं, पुन्हा खट्. तिसऱ्या वेळी एसी सुरू झाला, पण त्याचा आवाज दम लागलेल्या माणसासारखा आणि हवा गरम. भिंतीत लावायचा एक छोटा मीटर जवळ होता, त्यावर आकडा १०४. इथं १२० असायला हवा. धाकटीचे गाल लाल झालेले. त्या वेळी तुम्हाला फोन लावला होता, बाबा. तुमच्याकडं पहाटेचे साडेपाच, तुम्ही दुधाची पिशवी घेऊन दारात. मी रडकुंडीला येऊन सांगतेय आणि तुम्ही एवढंच विचारलंत, ‘लोड किती टाकलाय?’

पस्तीस वर्षं वीज मंडळात काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार, असं तेव्हा मनात आलं, राग मानू नका. पण तुम्ही तिथं उभ्याउभ्या हिशोब करून दिलात तो मी नंतर कागदावर मांडला. आमची जोडणी ३० अँपियरची, १२० व्होल्टवर, म्हणजे सगळे मिळून ३,६०० वॅट. आपल्या घरचा गीझरचा १५ अँपियरचा एक सॉकेट २३० व्होल्टवर ३,४५० वॅट देतो. म्हणजे हे अख्खं घर आपल्या एका मोठ्या सॉकेटवर चालायचं! त्यात एसी १५ अँपियर ओढतो, पाण्याचा हीटर १२, मायक्रोवेव्ह आणखी १२. बेरीज ३९. ब्रेकर बिचारा काय करणार. आणि १०४ व्होल्ट म्हणजे आपल्या हिशोबात २०० च्या आसपास. व्होल्टेज पडलं की मोटर कमी नाही, उलट जास्त करंट ओढते आणि तापून जळते, हे तुम्ही मला दहावीत पिठाच्या गिरणीचं उदाहरण देऊन शिकवलं होतंत. विसरले होते.

हीटर गॅसवर टाका म्हणालात, टाकला. फ्रिज गॅसवर टाकला, तोही दोन्हीवर चालतो. मग तुम्ही विचारलंत, ‘तुमचा खांब कितवा आहे?’ मी बाहेर जाऊन बघितलं, आमची जागा ओळीत शेवटची. ‘मग ऑफिसजवळची जागा माग. शेवटच्या खांबावरच्या घराला उन्हाळ्यात कधी पुरेशी वीज मिळते का?’ ऑफिसाच्या मागंच ट्रान्सफॉर्मर होता. आजीबाईंनी लगेच जागा बदलून दिली. ४४ अंशांत वीज, पाणी, पाइप सगळं सोडून पुन्हा जोडायला पाऊण तास लागला, जावयांचा शर्ट पिळला असता तर बादली भरली असती. पण तिथं मीटरवर ११४ आले. ते आजीबाईंना म्हणाले, ‘माझ्या सासऱ्यांनी भारतातून सांगितलं.’ त्यांना ते खरं वाटलं नसावं.

तरी रात्री नऊलाही आत ३१ होते. या गाड्यांचा एसी बाहेरच्यापेक्षा दहा-अकरा अंशच खाली आणू शकतो, तापलेल्या पत्र्याशी त्याहून जास्त झुंज त्याला जमत नाही. आडवी पडले आणि मनात आलं, की वीज कशी पुरवायची याचा एवढा विचार केला, पण आपण मे महिन्यात कूलर घेऊन बसायचो का? आपण चिखलदऱ्याला जायचो. परतवाड्याहून एसटी घाट चढायला लागली की तिसऱ्या-चौथ्या वळणावर खिडकीतून येणारा वारा बदलायचा आणि आई, तू पदर डोक्यावरून खांद्यावर घ्यायचीस. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, एवढंच त्यातलं शास्त्र. मी जागा शोधताना वीज, पाणी, तलाव, किंमत सगळं बघितलं होतं. उंची बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशीचं बुकिंगही वाळवंटातलंच होतं. ते रात्रीच रद्द केलं, पैसे बुडाले. मग ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर सरकारी मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये कुणीतरी रद्द केलेली जागा मिळते का, म्हणून बाराएक वाजेपर्यंत फोनवर बोट आपटत बसले. तत्काळच्या तिकिटासारखं, जागा दिसते आणि दाबेपर्यंत गेलेली असते. शेवटी दोन रात्रींची मिळाली, पहिल्या जागेच्या जवळपास निम्म्या पैशांत. स्वस्त, कारण तिथं जागेवर वीजच नाही. पाण्याची जोडणीही नाही, टाकी आधी भरून न्यायची. ३० फुटांहून लांब गाडीला तिथं जागाही नाही. जावई म्हणाले, ‘एसीशिवाय? या उन्हात?’

सकाळी सहालाच निघालो. नीडल्स गावाशी कोलोरॅडो नदी ओलांडली तेव्हा नऊ वाजले होते आणि ४० अंश झालेले. ते गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटरवर. नंतर अ‍ॅरिझोनात शिरलं की रस्ता चढतच राहतो. किंगमन हजार मीटरवर, तिथं खिडकी उघडून हात बाहेर काढला तर नुसता गरम, भाजत नव्हता. विल्यम्सपाशी दोन हजारांच्या वर, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं. मी आईसारखा पदर खांद्यावर घेतला असता, नेसलेली असती तर. कॅन्यनचा काठ साधारण २,१०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर साडेचारशे मीटर चढून आम्ही गाडी लावली आणि दुपारी दोनला तिथं २८ अंश होते. एसीचं बटण दोन दिवस कुणी शोधलंही नाही. वीज हवी कशाला, दिवे बॅटरीवर लागत होते. रात्री ११ अंश, तू शिवलेली गोधडी मी हौसेनं नेली होती ती तिघांत ओढाताण होऊन एका बाजूनं उसवली आहे. रागावू नकोस.

दरीबद्दल काय लिहू, फोटो पाठवलेत आणि फोटोत ती मावत नाही. एक मात्र सांगते. दुपारी काठावर आम्ही निवांत चहा पीत होतो आणि तेव्हाच खाली नदीशी, जवळजवळ दीड किलोमीटर खोल, ४० च्या वर तापमान. उन्हाळ्यात दिवसभरात खाली उतरून परत चढू नका, अशा पाट्या जागोजागी आहेत. एका जागी उभं राहून चिखलदरा आणि अकोला दोन्ही दिसावेत, तसं.

संध्याकाळी एक एल्क आमच्या गाडीमागं आला. आपल्या सांबराचा मोठा भाऊ, खांदा माझ्या डोक्याबरोबर. धाकटी दारात उभी, हातात तुझ्या कैरीच्या पन्ह्याचा पेला, आणि तो शांतपणे आमच्या जागेतलं गवत कुरतडतोय. त्याच्यापासून तीस मीटर तरी लांब राहायचं असा नियम, म्हणून मी तिला हळूच आत ओढली. दुसऱ्या दिवशी दुपारी ढग भरून आले, गडगडाट झाला, वीस मिनिटं झोडपून पाऊस पडला आणि मातीचा वास आला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘मान्सून.’ मला हसूच आलं, पण खरंच, अ‍ॅरिझोनात या जुलै-ऑगस्टच्या पावसाला मान्सूनच म्हणतात. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडचा जरा मोठा असतो.

परतीच्या वाटेवर वाळवंटात एक रात्र काढावीच लागली, पण या वेळी मी स्थळ बघायला निघालेल्या मावशीसारखी चौकशी केली. उपग्रहाचा नकाशा उघडून वरून झाडं मोजली. लोकांचे अभिप्राय वाचले ते फक्त जुलै-ऑगस्टचे, मार्चवाले सगळे खुशीतच असतात. मग फोन करून विचारलं, दुपारी पाचला व्होल्टेज किती राहतं? पलीकडचा मुलगा गडबडला, मग प्रामाणिकपणे म्हणाला, मागच्या ओळीत पडतं, पुढची देतो. तिथं गाडी पश्चिमेकडं तोंड करून लावली आणि पुढच्या काचेला चंदेरी पडदा. म्हणजे बसायची बाजू उत्तरेला राहते आणि फ्रिजची दक्षिणेला. जुलैत सूर्य डोक्यावर असल्यामुळं दक्षिणेच्या भिंतीला ऊन फारसं लागत नाही. पश्चिमेला फ्रिज ठेवला असता तर दूध नासलंच असतं. एवढं करूनही आत २९ होते. पण मुलं झोपली.

आता मुख्य मुद्दा. आई, पुढच्या वर्षी तुम्ही दोघं येताय, आणि मुलांच्या सुट्टीतच यायचं हा तुझा हट्ट आहे. तुझं बीपी आणि बाबांचे गुडघे बघता मी सप्टेंबर म्हणत होते. पण जुलैच असेल तर वाळवंटात एकही रात्र नाही. तिथपर्यंत विमानानं जाऊ आणि गाडी फ्लॅगस्टाफला भाड्यानं घेऊ, ते गावच दोन हजार मीटरच्या वर आहे. बाबांना वीज लागणारच, रात्री पंख्याच्या आवाजाशिवाय त्यांना झोप येत नाही हे मला माहीत आहे. मॅथरच्या शेजारी ट्रेलर व्हिलेज म्हणून जागा आहे, तिथं काठावरच्या त्याच हवेत वीज-पाणी सगळं मिळतं. दोन्हींपैकी कुठं राहायचं ते तुम्ही ठरवा.

फक्त तारीख लवकर कळवा. मॅथरचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि काही मिनिटांत संपतं. जुलैसाठी जानेवारीत, इथं सकाळी सातला, म्हणजे तुमच्याकडं रात्री साडेआठला. बाबा, त्या वेळी तुम्हीही लॅपटॉप उघडून बसा. खातं मी काढून ठेवते. तत्काळ काढायला तुमचा हात माझ्यापेक्षा जलद आहे.

मुलांचा साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना सांगा, शेंगदाण्याची चटणी संपली.

तुमची,
मोठी