चार संस्थांनी मिळून दोन पावसाळे द्यावेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत माझी अ‍ॅल्युमिनियमची छोटी ओतशाळा आहे. दोन भट्ट्या, नऊ कामगार. पंपांचे आणि मोटरींचे सुटे भाग आम्ही डायमध्ये, म्हणजे धातूच्या साच्यात, ओततो. वडील डिचोलीला पितळेच्या समया ओतायचे, मी ३१ वर्षांपूर्वी अ‍ॅल्युमिनियमकडे वळलो. विद्यापीठांनी एकत्र येऊन हलक्या मिश्रधातूंवर संशोधन करावे, असे हल्ली वरचेवर कानावर येते. मला ते मनापासून हवे आहे. ते कुठून सुरू व्हावे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

गेल्या जुलैत आम्ही पंपाची ४०० हाउसिंग, म्हणजे बाहेरची कवचे, पाठवली. मिश्रधातू नेहमीचाच, एलएम २५, म्हणजे अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम. नग वरून गुळगुळीत दिसत होते. पण पाण्यात बुडवून आतून हवेचा दाब दिला की बुडबुडे यायचे. १३८ नग परत आले. फेब्रुवारीत त्याच डायमधून, त्याच कारागिराच्या हातून ओतलेल्या ४०० पैकी ११ बाद झाले होते.

यामागचे शास्त्र नवे नाही. वितळलेले अ‍ॅल्युमिनियम हवेतल्या वाफेशी भिडते, त्यातला ऑक्सिजन स्वतःकडे घेते आणि सुटलेला हायड्रोजन रसात विरघळतो. घट्ट अ‍ॅल्युमिनियमपेक्षा रसात हा वायू सुमारे वीसपट मावतो. रस थिजू लागला की वायूला जागा उरत नाही आणि धातूत सुईच्या टोकाएवढी भोके राहतात. आमच्याकडे जुलैत हवेतली आर्द्रता नव्वदच्या घरात असते. इनगॉटच्या, म्हणजे धातूच्या लाद्यांच्या, थप्पीला घाम फुटतो, पळ्यांवरचा लेप वाळत नाही, रस साफ करणाऱ्या फ्लक्सच्या पावडरची पिशवी उघडी राहिली तर तासाभरात दमट होते. कोरड्या नायट्रोजनने रसातला वायू काढतात, आम्हीही काढतो. तरी १३८ नग परत आलेच.

चवथीच्या आधी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलगी प्रकल्पासाठी सहा आठवडे आमच्याकडे होती. प्रत्येक ओतणीच्या वेळी ती हवेतली आर्द्रता टिपायची, रसाचा छोटा नमुना व्हॅक्यूमखाली थिजवून कापायची आणि भोके मोजायची. पाचव्या आठवड्यात ती म्हणाली, "काका, सगळा दोष पावसाचा नाही." धो धो पावसातले काही नमुने स्वच्छ निघाले होते. उघडीप असलेल्या दोन दिवसांचे मात्र चाळणीसारखे होते. त्या दोन्ही दिवशी आम्ही रनर-रायझरचा, म्हणजे साच्याच्या वाटांत थिजून नगापासून कापलेला, परतीचा माल जास्त वितळवला होता. परतीच्या मालावर ऑक्साइडची साय असते. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे जॉन कॅम्पबेल यांनी हेच मांडले आहे: रस खळाळला की ही साय दुमडून आत जाते, दोन पदरांमध्ये फट राहते आणि वायू त्या फटीत फुगतो. मग आमचे भोक वाफेचे की सायीचे? दोन्हींचे असेल, तर कोणाचा वाटा किती? उत्तर हाती लागेल असे वाटत असतानाच सहा आठवडे संपले.

त्या मुलीचा अहवाल आता कपाटात आहे, तिचे मार्गदर्शक दुसरीकडे गेले आहेत. यंदा दुसऱ्या एका संस्थेचा मुलगा आला आणि पहिल्या दिवशीचेच प्रश्न त्याने पहिल्यापासून विचारले. पहिला अहवाल त्याच्या संस्थेला ठाऊकच नव्हता. मला त्या दिवशी फार वाईट वाटले. मुले दोन्ही हुशार. वाया गेले ते तिचे सहा आठवडे.

म्हणून संयुक्त संशोधन म्हणजे करारावर सह्या आणि फोटो, इतके पुरणार नाही. ब्रिटनमध्ये ब्रुनेल विद्यापीठाच्या पुढाकाराने ऑक्सफर्ड, लीड्स, मँचेस्टर आणि इंपीरियल कॉलेज यांनी वितळलेल्या धातूच्या अभियांत्रिकीवर एकत्र काम केले. कारखान्यात असतात तेवढ्याच मोठ्या ओतकामाच्या यंत्रांसाठी ब्रुनेलच्या आवारात वेगळे केंद्र उभे राहिले. त्यांची एक कल्पना मला फार आवडते. मॅग्नेशियमच्या रसात ही साय काढत बसण्याऐवजी ती वेगाने घुसळून तिचे बारीक कण करायचे. थिजताना त्याच कणांवर धातूचे दाणे धरतात आणि पोत बारीक येतो. आपण ज्याला मळी म्हणून उपसून फेकतो, तेच कामाला लावले!

आपल्या गोव्यात काय कमी आहे? फर्मागुडीला गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आयआयटी, कुंकळ्ळीला एनआयटी, झुआरीनगरला बिट्स, ताळगावला गोवा विद्यापीठ. सगळी कुंडईहून दीड तासाच्या आत. कोणाकडे सूक्ष्मदर्शक असेल, कोणाकडे संगणकावर साचा भरताना पाहण्याची सोय, कोणाकडे रसायनशास्त्राची जाण. नागपूरला १९८९ पासून जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, त्यांचाही सल्ला घेता येईल. यांपैकी चार संस्थांनी फक्त भोकांचा हा एक प्रश्न दोन पावसाळे हातात धरावा आणि एकच नोंदवही ठेवावी. एका संस्थेचा विद्यार्थी थांबेल तिथून दुसऱ्या संस्थेच्या विद्यार्थ्याने पुढे जावे. नापास निघालेले नमुनेही त्या वहीत हवेत. कारखानदारांनीही आपला बाद माल लपवू नये. मी माझा आकडा वर लिहिला तो म्हणूनच.

हा प्रश्न सुटला की पुढचा तयारच आहे, भंगाराचा. भंगारातले अ‍ॅल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजापासून काढण्याच्या मानाने सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. पण भंगारातून लोखंड येते आणि थिजताना त्याच्या सुयांसारख्या पट्ट्या होतात. तिथून नग तडकतो. मँगनीज घालून त्या पट्ट्यांचा आकार बदलता येतो, हे माहीत आहे. किती घालायचे, हे दर भट्टीच्या भंगारावर ठरते, आणि ते छोट्या ओतशाळेला कोण सांगणार? मागे मी तीन नमुने एका प्रयोगशाळेत दिले होते. अहवाल आला तोवर तो माल गिऱ्हाइकाकडे पोचून परतही आला होता.

माझी दुसरी भट्टी शनिवारी मोकळी असते. धातू, डिझेल आणि दोन कारागीर माझे. विद्यार्थ्यांनी पायात बूट आणि अंगात सुती कपडे घालून यावे. मे महिन्यात आले तर पावसाआधीचे नमुनेही वहीत चढतील.

आपला,
एक ओतारी, कुंडई, ता. फोंडा