तांबड्या दोऱ्याची चाळणी

गंगापूर रोड, नाशिक
कार्तिकी एकादशीचा दुसरा दिवस

चि. माऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवून दिलास, त्याला आज तीन दिवस झाले. टीटीजीचा, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे होणाऱ्या तुझ्या सीलिएक आजाराच्या रक्ततपासणीचा, आकडा पुन्हा वाढला आहे असे तू सांगितलेस आणि त्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो तुझ्या तब्येतीचा नव्हता. पास्ता कोणाच्या चाळणीत निथळतेस, असे मी विचारले. तुझा आवाज बदललेला मला ऐकू आला होता, तरीही तोच प्रश्न मी आणखी दोनदा विचारला. तुझी आई त्या रात्री माझ्याशी फारशी बोलली नाही. फोनच्या सुरुवातीला तू पास्ता बेकची कृती मागितली होतीस, ती त्या गडबडीत राहून गेली, म्हणून ती सविस्तर लिहून पाठवत आहे. चाळणीचा विषय काढायचा नाही असे ठरवूनच लिहायला बसलो आहे.

शनिवारी तुम्ही चौघी जेवायला असाल, तर पाव किलो पास्ता पुरे होईल. तो तांदूळ आणि मका या दोन्हींच्या पिठाचा घे, कारण नुसत्या तांदळाचा पास्ता ओव्हनमध्ये गेल्यावर लवकर लगदा होतो, असा माझा अनुभव आहे. हरभऱ्याच्या पिठाचाही मिळतो, पण पांढऱ्या सॉसखाली त्याची चव मला कधी पटली नाही.

सुरुवात टोमॅटोपासून कर, कारण खरा वेळ त्यालाच लागतो. पाऊण किलो पूर्ण पिकलेले टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून त्यांची साले काढ. दोन मोठे चमचे तेलात सात-आठ लसूण पाकळ्या आणि एक बारीक चिरलेला कांदा मऊ होऊ दे, मग टोमॅटो घालून मंद आचेवर अर्धा तास, तेल कडेने सुटेपर्यंत शिजव. मीठ, मिरपूड, चिमूटभर साखर एवढे पुरते. ओरेगॅनो नसेल तर थोडा ओवा तळहातावर चुरडून घाल. आपल्याकडे सध्या पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो भरपूर येतो आहे आणि तो पाहिला की तुझी आठवण येते, पण तिकडचाही चालेल.

हिंग मात्र घालू नकोस. पहिल्यांदा हा पदार्थ करताना मी हाताच्या सवयीने फोडणीत हिंग टाकला होता, तो प्रसंग तुला आठवत असेल. तेव्हा तू दहावीत होतीस आणि निदान होऊन दीड महिनाही झाला नव्हता. तू डबी उचललीस, चष्मा वर सारून तिच्यावरची बारीक अक्षरे वाचलीस आणि शांतपणे म्हणालीस, "बाबा, यात गव्हाचे पीठ आहे." बांधणीच्या हिंगात असे पीठ मिसळतात हे मला आयुष्यात प्रथमच कळले. ते सगळे पातेले आपण बाजूला ठेवले आणि तू पुन्हा कांदा चिरायला घेतलास. पंधरा वर्षांच्या मुलीने रडायला हवे होते असे मला वाटले, आणि तू रडली नाहीस याचा मला अभिमानही वाटला आणि भीतीही.

पांढऱ्या सॉससाठी मैद्याच्या जागी कॉर्नफ्लोअर घ्यायचे, पण ते लोण्यात भाजत बसू नकोस. अर्धा लिटर दुधापैकी अर्धी वाटी गार दूध बाजूला काढून त्यात दोन सपाट मोठे चमचे कॉर्नफ्लोअर गुठळी न राहता कालव. उरलेले दूध लोण्याचा एक तुकडा घालून उकळत आण, त्यात हे मिश्रण धार धरून ओत आणि ढवळत मिनिटभर उकळू दे. सॉस तुला पातळ वाटेल. तो तसाच असू दे, कारण हा पास्ता भट्टीत बसल्यावर पाणी पीत राहतो आणि घट्ट सॉस घेतला तर शेवटी कोरडी वडी हाती येते.

आता पास्त्याकडे येतो. अडीच-तीन लिटर पाणी खळखळून उकळू दे, त्यात मीठ घाल आणि पास्ता टाकल्यावर पहिली दोन मिनिटे हात थांबवू नकोस, नाहीतर तो एकमेकांना चिकटतो. पाकिटावर जेवढी मिनिटे लिहिलेली असतील त्याच्या दोन-तीन मिनिटे आधीच उतरव. गव्हाच्या पिठात ग्लुटेनची जी लवचीक जाळी असते ती स्टार्चला धरून ठेवते. ती जाळी या पास्त्यात नसल्यामुळे तो पटकन तुटतो आणि पाणी पेजेसारखे होते. म्हणून तो निथळून त्यावर एकदाच गार पाणी फिरव, आणि निथळण्यासाठी जी चाळणी घेशील ती तुझी, फक्त तुझीच असू दे.

ठरवले होते ते पाळता आले नाही. पण माऊ, कारण ऐकून घे. तुझ्या मैत्रिणी ज्या चाळणीत त्यांचा रव्याचा पास्ता निथळतात, तिच्या प्रत्येक भोकाच्या कडेला ती पेज वाळून बसते आणि साबणाच्या एका हाताने निघत नाही. त्याच चाळणीने कोणी कधी कणीक चाळत असेल तर प्रश्नच नको. पाकिटावर ग्लुटेनमुक्त असे लिहायचे तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही, हा आपल्या देशातला नियम तूच मला सांगितला होतास. इतके पारखून आणलेले पाकीट शेवटच्या क्षणी त्या भोकांतून जाऊ द्यायचे का? पोटात दुखले नाही म्हणजे आतड्याला काही झाले नाही असे होत नाही. आतड्यातल्या, अन्न शोषून घेणाऱ्या बारीक लव पुन्हा झिजू लागल्या की लोह अंगी लागत नाही, आणि मग तोच थकवा, तेच पांढरे पडलेले ओठ. लाकडी उलथनेही वेगळे हवे, लोण्याची डबी वेगळी हवी, आणि

हे व्याख्यान झाले. मला क्षमा कर. तेहेतीस वर्षे वर्गात उभा राहिलेला माणूस घरातही फळ्यासमोरच उभा असतो, असे तुझी आई म्हणते, आणि ते खरे आहे. तुला यातले सगळे माझ्याआधी माहीत आहे.

काल एकादशीची भगर आणि दाण्याची आमटी ताटात पाहिली आणि मला आजीचे नवरात्र आठवले. तू अकरा वर्षांची होतीस आणि आजीबरोबर नऊही दिवस उपवास करण्याचा हट्ट धरला होतास. साबुदाणा, भगर, राजगिऱ्याचे थालीपीठ, शिंगाड्याचा शिरा, एवढ्यावर नऊ दिवस काढलेस. त्या दिवसांत तुझे फुगलेले पोट खाली बसले, तू कालिकेच्या यात्रेत दोनदा चालत गेलीस आणि आजी म्हणाली की पोरीला उपवास मानवतो. दसऱ्याला आपण श्रीखंड-पुरी केली आणि त्या रात्री तू पोट धरून माझ्या मांडीवर झोपलीस. मी समजलो की नऊ दिवसांनंतर एकदम खाल्ल्यामुळे तसे झाले असेल.

पुढे निदान झाल्यावर मी विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांविषयी वाचले. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि इतर मुले उपाशी असताना या आजाराची मुले मात्र सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. गव्हाविषयी त्यांना आधीपासून असलेला संशय यातून पक्का झाला आणि 1950 मध्ये त्यांनी तो प्रबंधात मांडला. ते वाचून मी पुस्तक मिटले. त्यांना दिसले तेच आपल्या स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांसमोर घडले होते, आणि मी विज्ञानाचा शिक्षक असून चार वर्षे तुला ताटातली पोळी संपवायला लावत होतो. अन्न टाकू नये, असे सांगून लावत होतो. एका दवाखान्यातून जंतांचे औषध मिळाले, दुसऱ्यातून लोहाच्या गोळ्या, पण प्रत्येक पोळी वाढून तिच्यासमोर बसलेला मी होतो. रविवारी फोनवर मी ज्या आवाजात बोललो तो या गोष्टीमुळे होता; तो तुझ्यावरचा राग नव्हता.

राहिलेली कृती सांगतो. पास्ता, टोमॅटोचा रस्सा आणि मूठभर चिरलेला पालक एकत्र करून काचेच्या पसरट भांड्यात घाल, वरून पांढरा सॉस पसर आणि त्यावर शंभर ग्रॅम चीज घरीच किसून घाल. पावाच्या चुऱ्याऐवजी पातळ पोहे घे: वाटीभर पोहे चमचाभर तुपात लसणाबरोबर कुरकुरीत परतून हाताने जरासे चुरायचे आणि भांड्यावर शेवटी पेरायचे. ही तुझ्या आईची युक्ती आहे, आणि माझ्या मते मैद्याचा चुरा हिच्या जवळपासही येत नाही. ओव्हन आधी दहा मिनिटे 190 अंशांवर तापवून मग वीस ते पंचवीस मिनिटे भाज. कडेने बुडबुडे आले आणि वर तांबूस डाग पडले की काढ. लगेच कापू नकोस. दहा मिनिटे तसेच राहू दे, म्हणजे वड्या नीट सुटतात. इकडे आता निफाडचा पारा उतरू लागला आहे आणि अशा संध्याकाळी ते गरम भांडे टेबलावर ठेवून आपण तिघे नुसते त्याच्या वाफेकडे बघत बसायचो.

चौघींनी एकाच भांड्यातले खावे असे मला फार वाटते. तुझ्या ताटात काही वेगळे आहे असे त्या दिवशी तरी कोणाला वाटू नये. तू मात्र आधी वाढून घे. एखादी मैत्रीण सोबत लसणीचा पाव आणेल आणि प्रेमाने म्हणेल की एका घासाने काय होते, तेव्हा आत्याच्या घरच्या लग्नात तू जशी बोललीस तशीच बोल. सगळे नातेवाईक उभे होते, आत्याने पुरणपोळीचा तुकडा तुझ्या तोंडापर्यंत आणला होता, आणि तू तिचा हात हळूच खाली करून म्हणालीस, "आत्या, तुमचा आशीर्वाद घेते, पोळी नको." मी मांडवाच्या खांबाशी उभा होतो. तुझ्या वयाचा असताना मला इतके स्वच्छ नाही म्हणता आले नसते.

दादाने अखेर रक्त तपासायला दिले आहे. मी त्याला गव्हाचे खाणे तपासणीआधी मुळीच बंद करू नकोस म्हणून बजावले होते, नाहीतर आजार असूनही रक्तात दिसला नसता. रिपोर्ट आला की कळवतो. तू तुझ्या डॉक्टरांना पुन्हा कधी भेटणार आहेस, तेवढे आईला सांग. मला सांगितले नाहीस तरी चालेल.

काल दुपारी भांडी बाजारात गेलो होतो. बारीक भोकांची, दोन कानांची स्टीलची चाळणी घेतली आहे आणि आजच कुरिअरने पाठवली आहे. तिच्यात पातळ पोह्यांची पुडी आणि घरघंटीवर दळलेले नागलीचे पीठ ठेवले आहे. इतरांच्या भांड्यांत ती मिसळू नये म्हणून एका कानाला तांबडा दोरा बांधला आहे. आई म्हणाली की मुलीच्या घरात असा दोरा लोंबकळताना बरा दिसणार नाही, तो काढून टाका. मी गाठ सैल बांधली आहे. नको वाटला तर सोडून टाक.

तुझे,
बाबा