पिशवीतले २३ चौकोन

प्रिय मैत्रिणीस,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पहिली शाल अर्ध्यातून उसवून ठेवलीस, आणि आता पुन्हा सुई हातात घ्यायची तर ती कुणाच्या तरी घरातून बाहेर पडलेल्या जुन्या लोकरीवरच, असे तू ठरवले आहेस, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. लेबल नसलेला गुंडा घ्यावा की नाही हे कसे ओळखायचे, असे तू विचारले आहेस. चार ओळींत उत्तर देता आले असते; पण गेले काही दिवस मी ज्या एका पिशवीबरोबर घालवले, तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय ते उत्तर पुरे होणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, पडद्यांच्या ढिगाखाली, तोंड गाठीने बांधलेली एक प्लॅस्टिकची पिशवी मला दिसली. आत क्रोशाचे २३ चौकोन होते, प्रत्येक पाच फेऱ्यांचा, तीन-तीन खांबांच्या, म्हणजे उंच टाक्यांच्या, गटांचा, मधोमध मोहरीसारखा पिवळा रंग आणि कडेला गर्द निळा. सगळे एकावर एक नीट रचून दोऱ्याने बांधलेले होते. चोविसावा चौकोन मात्र तिसऱ्या फेरीच्या कोपऱ्याशी थांबला होता, आणि त्याच्या शेवटच्या टाक्यात ४ मि.मी.ची ॲल्युमिनियमची सुई तशीच अडकवलेली होती. सोबत तीन गुंडे होते. एकावरही कागद नव्हता. ज्या कुणी हे विणले, तिने किंवा त्याने हातातले काम खाली ठेवताना टाका निसटू नये याची काळजी घेतली होती, म्हणजे परत येण्याचा विचार होता. ती पिशवी तिथेच ठेवून निघणे मला जमले नाही.

नवी लोकर विकत घेतली की तिच्या पट्टीवर सगळे छापलेले असते: धागा कशाचा, किती मीटर, कोणती सुई, कसे धुवावे, रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या धाग्याचा, क्रमांक कोणता. जुना गुंडा यांतले काहीच सांगत नाही. त्यामुळे पट्टी जे सांगते ते सगळे आपल्याला स्वतः, बोटांनी आणि डोळ्यांनी शोधून काढावे लागते. माझ्या हाताला धागा कळू लागला तो याच कामातून, हे मी तुला आवर्जून सांगेन. पैसे वाचतात हे खरे आहे आणि ते मोलाचेही आहे. पण केवळ त्यासाठी मी इतकी वर्षे जुन्या ढिगांत हात घातला नसता.

आपण बोलताना सगळ्यालाच लोकर म्हणतो, ॲक्रिलिकलासुद्धा, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. घरी आणलेला धागा कशाचा आहे हे पाहायचे असेल तर त्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याचे भांडे ठेवून, ज्योतीला लाव. मेंढीची लोकर नाखुशीने पेटते, ज्योत काढली की आपसूक विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरडली जाणारी काळी राख उरते. सूत कागदासारखे भरकन जळते, विझल्यावरही निखाऱ्यासारखे धुमसते आणि त्याची मऊ करडी राख होते. ॲक्रिलिक वितळते, काळा धूर सोडते आणि शेवटी कडक मणी उरतो, जो चुरडत नाही. मिश्र धाग्यात या खुणा एकमेकींत मिसळतात, तेव्हा एका तुकड्यावर भरवसा न ठेवता दोनतीनदा पाहावे. माझ्या पिशवीतला निळा धागा जवळजवळ लगेच विझला आणि राख चुरडली गेली. पिवळ्याच्या टोकाला मात्र मणी झाला. दोन वेगळ्या स्वभावांचे धागे एकाच चौकोनात होते, आणि आता ते कोमट पाण्यातच धुवायचे हे मला त्या मण्याने सांगितले, कारण गरम पाण्यात चोळली की साधी लोकर आटते आणि ॲक्रिलिक आटत नाही. मग चौकोनाची कड आवळते आणि मध्य फुगतो.

जाडी मोजायला साधी मोजपट्टी पुरते. पट्टीवर धागा न ताणता, शेजारी शेजारी, अडीच सेंटीमीटरभर गुंडाळ आणि वेढे मोज. नऊ-दहाच्या आसपास बसले तर मध्यम जाडीचा धागा, त्याला ५ किंवा ५.५ मि.मी.ची सुई छान चालते. ११च्या आसपास बसले तर ४ मि.मी.पासून सुरुवात करावी. आणि दुकानातच एक परीक्षा न चुकता घे: धाग्याचे टोक दोन्ही हातांत धरून झटका दे. जुना धागा उन्हात किंवा दमटपणात पडून राहिला असेल तर तो सुतळीसारखा न तुटता नुसता सुटतो, पोकळ झाल्यासारखा. असा गुंडा रंगाने कितीही देखणा असला तरी खाली ठेव. त्यावर घातलेले तुझे तास परत मिळणार नाहीत.

आता स्वेटरांविषयी, कारण खरा खजिना तिथे आहे. जुन्या कपड्यांच्या रांगेत एखादा मोठ्या मापाचा, शुद्ध लोकरीचा स्वेटर दिसला की मी त्याची उलटी बाजू पाहते. बाजूच्या शिवणीला ओव्हरलॉक असेल, म्हणजे कापडासारखे कापून कडा दोऱ्याने गुंडाळलेल्या असतील, तर तो उसवू नये. प्रत्येक ओळ कडेला कापलेली असते आणि हाती नुसते तुकडे येतात. शिवण साखळीच्या टाक्याची असेल आणि दोन्ही भागांच्या कडा अखंड दिसत असतील, तर तो स्वेटर म्हणजे अखंड धागा आहे असे समज. धुऊन आटलेला, वीण दिसेनाशी झालेला स्वेटरही नको, कारण त्यातले तंतू एकमेकांना धरून बसलेले असतात.

घरी आल्यावर आधी बाह्या आणि बाजू सोडवायच्या. साखळीची शिवण योग्य टोकाकडून धरली की एका ओढीत सरसर निघते. चुकीच्या टोकाकडून धरली तर दर टाक्याला अडते. मग प्रत्येक भाग जिथे विणून संपवला होता त्या टोकाकडून, म्हणजे बहुधा खांद्याकडून, उसवत यायचे. जिथून सुरुवात झाली त्या खालच्या पट्टीकडून ओढले तर धागा दर टाक्यात गुंततो. उसवलेला धागा खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल आठाच्या आकड्यासारखी बांधायची, आणि थोड्या साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास न चोळता बुडवून ठेवायची. पाण्यात पडताच त्या कुरळ्या, शेवयांसारख्या वळ्या डोळ्यांदेखत सैलावू लागतात. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचे आणि लडी सावलीत टांगायची. सुकली की तोच धागा जवळजवळ सरळ होतो. मी हे कितीदा केले असेन, तरी पाण्यातला तो क्षण पाहायला अजून थांबते.

तुकडे उरलेच तर शुद्ध लोकरीची दोन टोके उकलून, एकमेकांवर ठेवून, तळहातावर पाण्याचा थेंब घेऊन जोरात चोळली की ती जुळतात आणि गाठ लागत नाही. ॲक्रिलिकला आणि सुताला हे साधत नाही.

एक काळजी मात्र कधीही टाळू नकोस. तीन वर्षांपूर्वी मी एका ठिकाणाहून आणलेले गुंडे, दिसायला स्वच्छ होते म्हणून, सरळ माझ्या कपाटात ठेवले. दोन महिन्यांनी आईच्या शालीला कसर लागलेली दिसली. उडणारा पतंग खात नाही, त्याची अळी खाते, आणि तिला लोकर, पिसे, फर असे प्राणिज पदार्थ लागतात. शुद्ध सुती आणि ॲक्रिलिकच्या वाटेला ती सहसा जात नाही. शाल मी भोकांभोवती रफू करून वाचवली, पण ती पूर्वीची राहिली नाही आणि त्याचे वाईट मला आजही वाटते. तेव्हापासून घरात येणारी प्रत्येक जुनी लोकर बंद पिशवीत घालून वजा १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवते, आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडत नाही, म्हणजे दव बाहेरच्या बाजूला धरते. तूही हे करशीलच, असे मी गृहीत धरते.

सुयांबद्दल थोडक्यात: जुन्या सुईवरच्या नुसत्या आकड्यावर विसंबू नकोस, कारण पोलादी बारीक सुयांमध्ये आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक असते. मिलिमीटर मोजूनच घे. जुन्या नमुन्यांच्या पुस्तकांतही अशीच अडचण येते. आपल्या मुक्या खांबाला, म्हणजे बुटक्या टाक्याला, अमेरिकन पद्धतीत सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे. आणि अमेरिकन डबल म्हणजे आपला साधा खांब. नमुन्यात हाफ डबल असा शब्द आला तर तो अमेरिकन, हाफ ट्रेबल आला तर ब्रिटिश. तुझ्या शालीची कड दुप्पट उंच का झाली होती, याचे कारण मला वाटते इथेच आहे.

तुझा गोल रुमाल कडेला झालरीसारखा फुगला, हेही तू लिहिलेस. तू वर्गात भूमिती शिकवतेस, म्हणून हे तुला माझ्यापेक्षा चांगले समजेल. मुक्या खांबांचे वर्तुळ सपाट राहायला दर फेरीत साधारण ६ टाके वाढवावे लागतात. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर कड मावेनाशी होऊन लाटा उठतात. कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डायना टायमिन्या यांनी १९९७ साली याच लाटांचा उपयोग करून घेतला: दर फेरीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेऊन त्यांनी हायपरबोलिक प्रतल, म्हणजे सगळीकडे खोगिरासारखा वळणारा पृष्ठभाग, क्रोशाने विणले, जे हातात धरता येते आणि ज्यावर घडी घालून सरळ रेषा दाखवता येते. दर पाच टाक्यांमागे एक टाका वाढवून तू स्वतः करून पाहा. जुन्या ढिगात नेहमी सापडणारे जरठ, अंगाला टोचणारे ॲक्रिलिक, जे शालीला कधीच चालणार नाही, ते या कामाला उत्तम, कारण ते आकार सोडत नाही.

स्वस्त मिळते म्हणून सगळे उचलून आणण्याचा मोह होतो, त्याबद्दल माझे मत कठोर आहे. ज्याचे काय करायचे हे घरी पोचेपर्यंत सुचले नाही, तो गुंडा आणायलाच नको होता. जुन्या दुकानातून आपल्या कपाटात हलवलेली लोकर जुनीच राहते, आणि ज्या कुणाला ती खरोखर उपयोगी पडली असती तिच्या हाताला ती लागत नाही. माझ्याकडे आता एकच पेटी आहे. ती भरली की काहीतरी विणून संपेपर्यंत मी दुकानाकडे फिरकत नाही.

आता त्या पिशवीकडे येते. चोविसावा चौकोन मी त्याच सुईने पुढे नेला, पाचवी फेरी संपवली आणि टेबलावर ठेवला, तर तो वाटीसारखा उभा राहिला. माझा हात त्या अनोळखी हातापेक्षा घट्ट आहे. आतल्या सैल तीन फेऱ्यांना माझ्या दोन फेऱ्या आवळत होत्या. मी त्यांच्या फेऱ्यांना न लावता फक्त माझ्या दोन उसवल्या आणि ४.५ मि.मी.ची सुई घेतली. या वेळी चौकोन सपाट बसला, बाकीच्या २३ जणांवर कोपऱ्याला कोपरा जुळला. जवळून पाहिले तर कोणती फेरी कुणाची हे मला अजून ओळखता येते, कारण त्या हाताने प्रत्येक गटाचा पहिला खांब किंचित लांब ओढला आहे आणि मी तसे करत नाही. मी तसे करायला शिकून पाहिले, पण नंतर सोडून दिले.

मग वजनकाटा काढला. एक चौकोन ११ ग्रॅम भरला. चोविसावा चौकोन पुढे नेण्यापूर्वी तिन्ही गुंडे मिळून १६० ग्रॅम होते. आणखी ११ चौकोन केले तर पाच गुणिले सात अशी मोठी चादर होईल, पण जोडायला आणि काठाला धागा पुरणार नाही. सहाच केले तर पाच गुणिले सहा, मांडीवर घेण्याएवढी, आणि काठासाठी जवळजवळ ९० ग्रॅम उरतील. मी सहा ठरवले आहेत. त्यांतले चार झाले. नवी निळी लोकर आणून मोठी करावी असे एकदा मनात आले होते. परंतु त्या छटेची लोकर मिळाली तरी ती दुसऱ्या घाण्याची असणार, आणि सूर्यप्रकाशात फरक दिसणारच.

या पत्राबरोबर एक छोटी पेटी पाठवत आहे. त्यात उसवलेल्या स्वेटरची राखाडी लोकर आहे, धुऊन सुकवून तीन लड्या केलेली, आणि प्रत्येक लडीला मी एक चिठ्ठी बांधली आहे: धागा कशाचा, वेढे किती, वजन किती. चौथी लडी मुद्दाम चिठ्ठीशिवाय ठेवली आहे. ती कशाची आहे ते जाळून, मोजून, पाण्यात बुडवून शोध आणि मला कळव. शाल पुन्हा सुरू करशील तेव्हा पहिल्या दहा ओळी झाल्या की एक छायाचित्र पाठव. कडेचे टाके मोजायला मला आवडेल.

तुझीच,
मैत्रीण