तो ‘विचित्र’ मासा कदाचित आमच्या घरचा असेल

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर एक फोटो होता. कृष्णेत जाळं टाकणाऱ्या एकाच्या हातात काळपट, अंगभर चिलखत घातल्यासारखा मासा आणि खाली ओळ, ‘नदीत सापडला विचित्र मासा, पाहण्यासाठी गर्दी’. आमच्या गल्लीत दोन दिवस तोच विषय होता. कुणी म्हणालं, समुद्रातून आला असेल. कुणी म्हणालं, साखर कारखान्याच्या मळीने माशांचं असं होतं.

तो विचित्र वगैरे काही नाही. फिशटँकच्या दुकानात त्याला ‘सकर’ म्हणतात. काचेवरचं शेवाळ खातो म्हणून लोक घेतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आणि फोटोतला तो मासा आमच्या घरातून गेलेला असण्याची शक्यता आहे. म्हणून हे पत्र.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. २०१७ च्या दिवाळीत धाकट्याने ओवाळणीच्या पैशातून एक मासा आणला. तीन इंचांचा. पाठ काळी, कुशीवर पांढरा पट्टा, शेपूट लालभडक, तोंडाला लांब मिशा. दुकानदाराने नाव सांगितलं ‘रेडटेल कॅटफिश’ आणि वर म्हणाला, ‘टाकी जेवढी, तेवढाच वाढतो.’ आमचे हे कोर्टात कारकून होते. त्यांनी काळा कोट आणि पांढरा बँड बघून लगेच नाव ठेवलं, वकीलसाहेब. पुढे त्यांची फी किती जाणार याची तेव्हा कल्पना नव्हती.

‘टाकी जेवढी, तेवढाच वाढतो’ हे धादांत खोटं आहे. मासा वाढायचा थांबत नाही. कोंडून ठेवला तर कणा वाकतो, आजारी पडतो. हा ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांमधला मासा. तिथे चार फुटांच्या पुढे जातो आणि चाळीस किलोच्या वर भरतो. ब्राझीलमध्ये त्याला ‘पिरारारा’ म्हणतात. पिरा म्हणजे मासा आणि अरारा म्हणजे तिकडचा तो रंगीबेरंगी मोठा पोपट. हे मुलाने मला नंतर वाचून दाखवलं. आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं, पण आम्ही फ्रिज घेतानाही माहितीपत्रक नंतरच वाचतो.

पहिल्या महिन्यातच टाकीतले गप्पी आणि टेट्रा एकेक करून नाहीसे झाले. मला वाटलं, मांजर. मग एका रात्री दिवा लावला, तर वकीलसाहेबांच्या तोंडातून अर्धी शेपूट बाहेर. हा मासा चावत नाही. तोंड उघडतो आणि समोरचं पाणीच ओढून घेतो, त्या पाण्याबरोबर जे असेल ते आत. तोंडात मावेल ते सगळं त्याचं अन्न. खडेसुद्धा. रात्री आम्ही झोपलो की टाकीतून ‘टक्’ आवाज यायचा. गिळलेला खडा काचेवर ओकलेला असायचा. शेवटी सगळे खडे काढून टाकले, टाकी उघडीबोडकी ठेवली.

दुकानदाराने खाण्यासाठी जिवंत गोल्डफिश द्यायला सांगितलं होतं. मी जन्माची शाकाहारी. पिशवीतले दहा मासे आपल्या हाताने त्या तोंडासमोर सोडायचे, हे माझ्याच्याने दोनदाच झालं. नंतर कळलं की रोज गोल्डफिश खाणं या माशालाही बाधतं. त्यांच्यातल्या एका घटकाने ब जीवनसत्त्वाची कमतरता होते, शिवाय त्यांचे रोग येतात ते वेगळेच. मग मी मासळी बाजारात जायला लागले. तोंडाला पदर लावून. पहिल्या दिवशी कोळीणबाईंनी विचारलं, ‘कालवणाला का तळायला?’ मी म्हटलं, ‘माशाला.’ त्या हसायच्या थांबेनात. पण त्यांनीच मला शिकवलं की कल्ला उचलून लालभडक आहे का बघायचं, डोळा आत गेलेला नको, दाबल्यावर बोट उमटलं तर घ्यायचा नाही. चिलापीचे तुकडे, काटे काढून, आणि कधी सालासकट कोळंबी. माझ्या फ्रिजरचा एक कप्पा गेला तो गेलाच. सासूबाई असत्या तर मी आणि फ्रिज दोघंही अंगणात असतो.

वर्षभरात तो दीड फुटाच्या पुढे गेला. चार फुटी टाकीत त्याला नीट वळता येईना. मग हप्त्याने सहा फूट बाय दोन बाय दोनची टाकी घेतली. काठोकाठ भरली तर ६८० लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचंच ६८० किलो. खालची फरशी खचेल म्हणून लोखंडी स्टँड करून घेतला. एवढं खाणाऱ्याची घाणही तेवढीच. फिल्टरमधल्या स्पंजावर जे जिवाणू धरतात ते अमोनिया पचवतात, पण त्यांना हवा लागते. वीज चार तास गेली की पाण्याला उग्र वास यायला सुरुवात. दर रविवारी अर्धं पाणी बदलायचं, नळाचं पाणी आदल्या रात्री पिंपात साठवून क्लोरीन उडवायचं. रविवार असा आमच्याकडे उरलाच नाही.

आता सकरबद्दल. मोठी टाकी घेतली तेव्हा काच साफ राहावी म्हणून चार सकर आणले, वीतभर लांबीचे. दुकानदार म्हणाला, याला कुणी खात नाही, काटे असतात. वकीलसाहेबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्याच रात्री त्यांनी एक तोंडात घेतला आणि तो अडकला. सकर घाबरला की पाठीवरचा पर आणि बाजूचे पर ताठ उभे करतो. ना आत जाईना, ना बाहेर येईना. हे म्हणाले, पक्कड आणू का? मुलगा रडायला लागला. आम्ही दिवा मालवून बसून राहिलो. तासाभराने पाणी जोरात हललं, दिवा लावून पाहिलं तर सकर तळाशी पडलेला, जिवंत, पाठीवरच्या पराचा पहिला जाड काटा मधोमध तुटलेला. दुसऱ्या दिवशी चारही सकर जुन्या चार फुटी टाकीत हलवले, पुढच्या खोलीत, बुटक्या टेबलावर.

मग २०१९ चा ऑगस्ट.

आमच्याकडे पुराचं माप २००५ च्या पुराचं. तेव्हा पाणी आमच्या पायरीला लागून परत गेलं होतं. तेव्हा या वेळी फार तर उंबऱ्याला, असं सगळेच म्हणत होते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आमच्या घरात कमरेएवढं आलं. वीज आधीच गेली होती. आम्ही गादी, कागदपत्रं, गॅसची शेगडी, तांदळाचा डबा असं जमेल ते वर भाडेकरूंच्या खोलीत नेत होतो. मुलगा मात्र माशापाशी. शेवटी मी आणि तो पाण्यात उतरलो. या माशाला खवले नसतात, कातडी नाजूक, शिवाय बाजूच्या परांचे काटे जाळीत गुंततात. त्यामुळे ओली चादर टाकीत सोडून त्यातच त्याला गुंडाळला. चार-पाच किलोचा ऐवज, तोही फडफडणारा. कपडे भिजवायच्या टबात घालून जिन्याने वर नेला आणि गच्चीवरच्या ५०० लिटरच्या टाकीत सोडला.

सकरची आठवण मला रात्री झाली. तोवर पुढच्या खोलीत पाणी त्या टेबलाच्या वर गेलं होतं.

त्या गच्चीवर आम्ही तीन कुटुंबं होतो. खाली गल्लीत नदी वाहत होती आणि प्यायला पाणी नव्हतं. दोन टाक्यांपैकी एकीत मासा. कुणी काही बोललं नाही, पण शेजारच्या काकूंनी तांब्या घेऊन त्या टाकीचं झाकण उघडलं आणि तसंच मिटलं, ते मी पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग आम्ही ताडपत्री बांधून पावसाचं पाणी धरलं आणि माशाखालचं पाणी संडासाला काढून त्याच्यात पावसाचं भरत राहिलो. खायला काही दिलं नाही, आठवडाभर तो सहज काढतो. सेलवरचा हवेचा पंप पहिल्याच रात्री बंद पडला. नंतर पाळी लावून तांब्याने पाणी उंचावरून ओतत बसलो, म्हणजे त्यात हवा मिसळावी. हे, मी, मुलगा आणि तिसऱ्या रात्री त्याच काकू.

एक कबुली द्यायची आहे. दुसऱ्या रात्री माझी पाळी होती. सगळे झोपले होते. गच्चीचा कठडा टाकीपासून चार पावलांवर आणि कठड्याखाली कृष्णा. चादरीत धरायचा आणि सोडून द्यायचा. मुलाला सांगता आलं असतं, उडी मारून गेला. पुण्याचंच काम वाटत होतं ते. बिचारा नदीतला जीव, नदीत गेला. मी चादर ओलीसुद्धा केली.

नाही टाकला, पण त्यात माझं शहाणपण काही नाही. मुलगा जागा झाला म्हणून राहिलं. सकाळी होडीतून दूध आणि बिस्किटं घेऊन एक भोई मामा आले. त्यांना टाकी दाखवली आणि सहज विचारलं, सोडला तर चालेल का? ते म्हणाले, ‘काकू, आमची बारकी मासळी आधीच चिलापीनं खाल्ली. आता ह्यो आनि सोडताय व्हय?’

चिलापी म्हणजे तिलापिया. तीही बाहेरचीच, आणि आता उजनीपासून आमच्या बाजारापर्यंत तीच दिसते. थाई मांगूर तर मुद्दाम पाळायला आणला. केंद्राने २००० साली त्यावर बंदी घातली आणि २०१९ साली हरित लवादालाही त्यात लक्ष घालावं लागलं. खायच्या माशाबद्दल निदान आदेश तरी निघतात. शोभेच्या माशाबद्दल दुकानात कुणी विचारत नाही. केरळात २०१८ च्या पुरानंतर चालकुडी नदीत ॲमेझॉनचा अरापायमा सापडला होता. तो पोहत आला नव्हता, कुणाच्या तरी टाक्यातून सुटला होता. २०२० साली वाराणसीला गंगेत सकर मिळाला, तेव्हाही मथळे असेच होते. हा सकर पोटाने हवेतला प्राणवायू घेतो, पाण्याबाहेर तासन्‌तास तगतो, काठात बिळं करून अंडी घालतो आणि काट्यांनी जाळी फाडतो. खायला कुणी घेत नाही. म्हणजे भोयाचं नुकसान दोन्हीकडून.

पाणी ओसरल्यावर पुढच्या खोलीत घोट्यापर्यंत चिखल होता. टाकी भिंतीशी तिरकी होऊन अडकलेली, काचेला तडासुद्धा नाही. आत चिखल आणि प्लास्टिकची वेल. चारही सकर नव्हते. चिखल उपसताना मी प्रत्येक घमेलं बघून टाकत होते. मेलेले सापडले असते तर, खरं सांगते, बरं वाटलं असतं.

वकीलसाहेबांसाठी मी बरेच फोन केले. एका प्राणिसंग्रहालयात मला शांतपणे सांगण्यात आलं की असे फोन त्यांना नेहमी येतात आणि त्यांच्याकडे जागा नाही. ज्या दुकानातून घेतला त्याने परत घ्यायला नकार दिला, वर नवा तीन इंचांचा दाखवला. शेवटी विट्याजवळ माझ्या भावाच्या पोल्ट्रीची एक शेड रिकामी होती. तिथे सिमेंटची बारा बाय सहाची, चार फूट खोल टाकी बांधली. वर पत्रा, भोवती जाळी, जवळपास ओढासुद्धा नाही. बोअरचं पाणी, त्यामुळे क्लोरीनची कटकट नाही. माशाचं जुनं पाणी भाऊ नारळाला सोडतो आणि नारळ असे लगडलेत की गावातले लोक खत कुठलं विचारतात. वकीलसाहेब आता सव्वातीन फुटांचे आहेत. आठवड्यातून दोनदा जेवतात. भावाच्या पावलाचा आवाज ओळखून काठाशी येतात, माझ्या ओळखत नाहीत. असे मासे पंधरा वर्षांच्या पुढेही जगतात म्हणे. भाऊ साठीचा आहे, आणि पुढचं कुणी बघायचं यावर आमच्यात दर दिवाळीला वाद होतो.

मुलगा आता नोकरीला आहे, फ्लॅटमध्ये राहतो, आणि मासे पाळत नाही.

माझं मागणं फार नाही. दुकानात प्रत्येक टाकीवर मराठीत लिहिलेलं असावं की हा मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो आणि किती वर्षं जगतो. एवढ्या दोन आकड्यांनी माझा मुलगा त्या दिवशी मुकाट्याने गप्पी घेऊन आला असता. आणि नको झालेला मासा दुकानाने परत घेतला पाहिजे. शिवाय पुराचा इशारा देताना पालिका जनावरं हलवायला सांगते, तेव्हा फिशटँकसाठीही कुठे तरी एक पिंप ठेवता येईल. ज्या गावात दर दोन-चार वर्षांनी नदी घरात येते, तिथे घरातली टाकी ही नदीचीच टाकी आहे हे मला त्या रात्री कळलं.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. छापलेल्या फोटोत मासा उताणा धरलेला आहे, त्यामुळे पाठ दिसत नाही. त्यांच्याकडे दुसऱ्या बाजूने काढलेला फोटो असेल तर कृपया बघून सांगा, पाठीवरच्या पराचा पहिला काटा मधोमध तुटलेला आहे का.

आपली,
एक वाचक
गावभाग, सांगली
(पूर्ण नाव व पत्ता सोबत दिला आहे, तो कृपया छापू नये.)